सुमतीवहिनींनी शोधलेलं खडप

मंडळी, खुर्च्या संपल्या म्हणून मागे बरेच जण उभे आहात. थंडीत एवढ्या लांबून आलात. मला भाषण करायची सवय नाही. वसंता म्हणाला, "केशव, तूच बोल, माझ्याने होणार नाही." म्हणून उभा राहिलोय. अडखळलो तर सांभाळून घ्या.

सुमतीवहिनी मंगळवारी गेल्या. चार महिने पोटाचं दुखणं चाललं होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी त्याबद्दल बोलणार नाही. मी तळ्याबद्दल बोलणार आहे.

पुढे वसंताशेजारी मीना बसलीय. नऊ वर्षांची त्यांची लेक. तिला मराठी समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. मीना, तुझ्यासाठी हळू बोलतो हं.

लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली होती. वसंता आणि मी म्युनिकला डॉक्टरेट करत होतो. शहरात खोली परवडेना, म्हणून तळ्याकाठच्या एका गावात राहायचो. खाली वसंता, माळ्यावर मी. लग्नानंतर वहिनी आल्या त्या भर हिवाळ्यात. मालवणची मुलगी. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. आम्ही सकाळच्या गाडीने जायचो ते अंधार पडल्यावर परत. मे महिन्यापर्यंत वहिनींचं बोलणं जवळजवळ बंद झालं. जेवणही सुटत चाललं. वसंता घाबरला. मी त्याला म्हटलं, "बोटीचं तिकीट काढ आणि घरी पाठव." हो, तो सल्ला माझा होता. वहिनींना ते माहीत होतं. आज तुम्हालाही माहीत असू दे.

जूनमध्ये एका रविवारी आम्ही तिघं काठाने चाललो होतो. धक्क्यावर माणसं गळ टाकून बसली होती आणि बोटाएवढे बार्श काढत होती. बार्श म्हणजे इथला पट्ट्यापट्ट्यांचा मासा, पाठीवर काटे असतात तो. वहिनी थांबल्या. म्हणाल्या, "अहो, ह्यांतले मोठे कुठे गेले?"

कित्येक दिवसांत त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न!

वसंताने हेर हूबरना, म्हणजे हूबरसाहेबांना, विचारलं. तळ्यावर मासेमारीचा हक्क त्यांचा. ते हसले. "उन्हाळ्यात मोठे खोल जातात. कुठे, ते देवाला माहीत. सप्टेंबरमध्ये या."

वहिनींनी विचारलं, "खोल म्हणजे किती वाव?"

दोन्ही हात पसरले की एक वाव होते. वहिनींचे वडील तांडेल होते, स्वतःची होडी घेऊन दर्यात जायचे. लहानपणी वहिनी त्यांच्यासोबत जायच्या. पण वाव जर्मनमध्ये कशी सांगायची? वसंताला सांगता येईना. वहिनी म्हणाल्या, "राहू दे. मला होडी मिळवून द्या."

हूबरनी परवानगी दिली, होडीही दिली. बहुतेक गंमत म्हणून दिली असावी. वहिनींनी कपडे वाळत घालायची दोरी घेतली, टोकाला आमच्या लॅबमधला एक जड नट बांधला, दर वावेला गाठ मारली. वसंता वल्हवायचा, वहिनी दोरी सोडायच्या, मी आकडे लिहायचो. चार रविवार! एकदाही गळ नाही. शेवटी मी कंटाळून म्हटलं, "वहिनी, मासे कधी धरायचे?"

"भावजी, खाली काय आहे ते कळल्याशिवाय गळ टाकू कुठे?"

पाचव्या रविवारी, काठापासून खूप आत, तळ्याच्या जवळजवळ मध्यावर. सोळा वाव. सोळा. पंधरा. आणि मग एकदम सहा. वहिनी ओरडल्या, "हयसर खडप आसा!"

खडप म्हणजे खडक; पाण्याखाली टेकडी होती. वरचं पाणी उन्हाने तापलेलं, अगदी तळाशी श्वास घ्यायला हवा नाही. मोठे मासे मधल्या थंड पाण्यात, त्या टेकडीच्या कडेला राहिले होते. जागा पुन्हा सापडावी म्हणून वहिनींनी आधी काठावरच्या खुणा धरल्या. चर्चचं टोक होडीघराच्या छपरावर, आणि उजवीकडे एकटं झाड गिरणीच्या धुराड्यासमोर. त्यानंतर गळ टाकला. तासाभरात तीन बार्श. मोठा होता तो माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत.

हूबरनी तो हातात घेतला. हसले नाहीत. एवढंच विचारलं, "वो?" कुठे? वहिनी दोरी गुंडाळायला लागल्या.

बोललो मी. संध्याकाळी हूबरबरोबर बिअर पिताना सगळ्या खुणा सांगून टाकल्या. पुढच्या रविवारी जाऊन पाहतो तर खडपावर पाच होड्या, पुढच्या होडीत स्वतः हूबर. वसंता म्हणाला, "केशव, तुला इथेच बुडवतो." त्याचं काही चुकलं नव्हतं.

वहिनी नुसत्या बघत होत्या. पाचही होड्या टेकडीच्या बरोबर माथ्यावर, आणि कुणालाच काही लागत नव्हतं. वहिनी होडीत उभ्या राहिल्या. सहा महिन्यांत जिने कुणाला 'गुटन टाग' म्हटलं नव्हतं, ती बाई दोन्ही हात हलवत ओरडली, "निष्ट ओबन! कांटं! कांटं!" वर नाही. कडेला, कडेला!

आधी हूबर सरकले. मग बाकीचे. त्या दिवशी रिकाम्या हाताने कुणी परत गेलं नाही.

नंतर मी विचारलं, "वहिनी, कडेची जागा का सांगितलीत?"

"समोर माणसं उपाशी बसलीत आणि मी मासे काढू? बाबांनी चालवून घेतलं नसतं." मग म्हणाल्या, "आणि भावजी, मला कुणाशी तरी बोलायचं होतं हो."

तिकीट काढलंच नाही. त्यानंतरचा प्रत्येक उन्हाळा वहिनींनी हूबरांबरोबर तळ्यावर काढला. आणखी तीन खडपं शोधली. जर्मन त्या होडीतच शिकल्या.

हेर हूबर मागे दाराजवळ बसलेत. मराठी कळत नाही, तरी बसलेत. काल मृत्यूची नोंद करायला आम्ही तिघे स्टान्डेसआम्टमध्ये गेलो होतो. नोंदणी कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "व्यवसाय?" वसंता म्हणाला, "हाउसफ्राउ." गृहिणी. हूबर म्हणाले, "नाही. फिशरिन लिहा." मासेमारी करणारी. बाई म्हणाल्या, "त्याचा कागद आहे का?" हूबर म्हणाले, "पन्नास वर्षं मी त्या तळ्यावर आहे. मी सांगतोय."

बाईंनी वसंताकडे पाहिलं. वसंताने मान डोलावली. त्यांनी आधीचा शब्द खोडला आणि लिहिलं, फिशरिन.

मंडळी, आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये.

वहिनी, नमस्कार करतो.