पासलीच्या आजींना आलेला मेसेज

लसीच्या तारखेचा मेसेज पाठवला की काम झालं, असं मलाही आधी वाटायचं. पण पासली गावच्या सुरेखाचं बाळ गोवराच्या लसीला आलंच नाही. शेजारच्या वाडीत गोवर निघालेला, थांबून चालणार नव्हतं. मी नर्स, उपकेंद्रातून थेट तिच्या घरी गेले.

"मेसेज ह्यांच्या मोबाईलवर येतो सिस्टर, आन् हे टेम्पो घेऊन पुण्यात," सुरेखा म्हणाली. मग हळूच म्हणाली, "तसंबी आत्याबाई न्हाई म्हणत्यात. मागल्या सुईनं बाळ लई तापलं व्हतं."

"घरात दुसरा मोबाईल कुणाचा?"

"आत्याबाईंचाच."

"मग तोच नंबर दे."

सुरेखा घाबरली, पण तिनं नंबर दिला. त्याच नंबरवर मी मेसेज पाठवला, "आजी, येत्या लसीकरणाला नातवाला घेऊन या."

त्याच आठवड्यातल्या लसीकरणाला या आत्याबाई, म्हणजे सुरेखाच्या सासूबाई, नातवाला कडेवर घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. मेसेज त्यांनी सुनेकडूनच वाचून घेतला होता.

मी म्हटलं, "आजी, तुमचा तर सुईला विरोध होता."

"व्हय. पर आजवर तुमी पोराला सांगितलं, सुनंला सांगितलं. मला कुणी इचारलंच न्हाई. ह्या बारीला मला बोलावलंय, तर मी आले. टोचा आता, मी धरते त्याला."