क्रूसापाशी ‘येतो’ म्हणू नये

ऐका रे. बस्त्याव, कंदील जवळ घे, आणि मध्ये हसायचं नाही. माझ्या सख्ख्या काकावर बेतलेली गोष्ट आहे ही.

इनासकाकाची बायको बाळंतपणात अडली. रात्र काळीकुट्ट. सुईण पलीकडच्या पाड्यावर, आणि जवळची वाट चर्चमागच्या कबरस्तानातून. काका धावत सुटला.

तिथला दगडी क्रूस ठाऊक आहे ना? फिरंग्यांच्या काळचा. मोडून पडला होता. मोठ्या लढाईत आपली पोरं परमुलखात मेली, तेव्हा गावाने तो पुन्हा उभा केला, खाली त्यांची नावं कोरली. मढी काही आली नाहीत हो. नुसती नावं.

तर त्या चौथऱ्यावर एक जण बसलेला. खाकी कपडे. शिपाई बांधतात तशी पायाला पट्टी गुंडाळतोय. गुंडाळतोय, गुंडाळतोय, पट्टी संपतच नाही! म्हणाला, “विडी आहे का, दादा?” काकाने दिली. निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं आपल्यात, म्हणून सवयीने बोलून गेला, “येतो हं.”

“ये,” तो म्हणाला. “वाट बघतो.”

झालं! काका पळतोय, पळतोय, आणि समोर पुन्हा क्रूस! “आलास?” परत पळाला. परत क्रूस! आता तो छिन्नीने दगड कोरत होता. टक्, टक्. नावांच्या खाली नवं अक्षर, इ. पुढच्या फेरीला, इना! नाव कुणी सांगितलं त्याला? काका ‘नमो मरिये’ची प्रार्थना म्हणायला गेला, तर शब्दच आठवेनात.

“सोड रे मला! बायको मरेल माझी!”

“तूच म्हणालास, येतो. मीही आईला येतो म्हणालो होतो. मरेपर्यंत दाराला कडी नाही लावली तिने. आता इथे दिलेला शब्द मी कुणाला मोडू देत नाही.”

काकाला उमगलं काय म्हणायचं ते. पण घरी बायको अडलेली, असं अभद्र तोंडातून काढायचं कसं? छिन्नी पुन्हा दगडाला टेकली. काका डोळे मिटून ओरडला, “जातो! मी जातो रे!”

छिन्नी थांबली. तो शिपाई रडायलाच लागला. “हेच,” म्हणाला, “हेच सांगायला हवं होतं तिला.”

काका सुईणीला घेऊन लांबच्या रस्त्याने घरी पोचला. काकी वाचली. मूल नाही वाचलं. तो शब्द बाळाला लागला, असं काका जन्मभर म्हणायचा. उशीर झाला, दुसरं काय? पण त्याला कोण समजावणार! फार वाईट वाटायचं मला त्याचं.

म्हणून सांगतो, रात्रीचं त्या वाटेला फिरकू नका. ‘इना’ अजून आहे दगडावर, दिवसा जाऊन बघा.

उठलास, बस्त्याव? मोठ्या रस्त्याने जा बाबा. आणि थेट घरी जा. आईने कडी लावली नसेल अजून.