मिठातली नळी आणि साहेबांचा लाडोबा

...आणि वर साहेब मलाच म्हणतात, "त्याचं कौतुक करा!" का करू? मी जळत नाही हं, आधीच सांगतो. पण बावीस वर्षं झाली हो मला या ऑफिसात, आणि हा कालपरवा लागलेला पोरगा! साहेबांनी डोक्यावर चढवून ठेवलाय, म्हणून मी त्याला लाडोबा म्हणतो, मनातल्या मनात.

आमचं काम काय, तुम्हाला सांगतो. तेलाची विहीर खणतात, तीन किलोमीटर खाली मिठाचा थर लागतो. तुम्हाला वाटेल, दगडासारखा घट्ट. अहो, मळलेल्या कणकेसारखं हळूहळू सरकतं ते मीठ! विहिरीत घातलेली पोलादी नळी आवळत जातं. ती टिकेल का, हे आम्ही कागदावर सांगायचं. बावीस वर्षं मीच सांगतोय! दाब सगळीकडून सारखा धरायचा, जाडी काढायची, सही ठोकायची.

तर हा मीटिंगमध्ये उठतो, अगदी नम्रपणे... तो नम्रपणाच डोक्यात जातो बघा... "सर, या विहिरीचं भोक वाकडं पडलंय. मीठ आधी एकाच बाजूनं टेकेल, नळी चपटी होईल. जाड घेऊया." साहेब लगेच, "वा, वा, वा!" मला बावीस वर्षांत एकदा 'बरं' मिळालंय. मी जळत नाही हं! पण पेटलो हट्टाला. म्हटलं, माझीच नळी पुरेल, लिहून देतो. खरं सांगू? भोक वाकडंय हे मलाही दिसत होतं. पण ते त्याच्या तोंडून आलं ना... मग 'हो' कसं म्हणणार?

शेवटी साहेबांनी ठरवलं, त्या विहिरीत माझी नळी, शेजारच्या तशाच वाकड्या विहिरीत त्याची. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी, ज्याची नळी टिकेल तो बसणार, हे शिपायालाही ठाऊक. आठ महिने मी त्या मिठाला विनवत होतो, बाबा रे, दाबायचीच तर त्याची दाब! मग आतला घेर मोजायचं यंत्र सोडलं. त्याच्या नळीतून थेट तळापर्यंत गेलं. माझ्या नळीत, मिठाच्या थराशी, अडकलं ते अडकलंच. विहीर बंद.

हसला असता, टोमणा मारला असता, तर भांडलो तरी असतो... मी जळत नाही हं, पण हा प्रमुख झाला आणि पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी आला. "सर, पुढच्या विहिरीची माझी आकडेमोड तुम्हीच तपासा. चूक असेल तर तुमच्याच नजरेला दिसेल." काय आनंद झाला म्हणून सांगू! दार लावलं, लाल पेन घेतलं, बसलो.

आज तिसरा दिवस. पेनाचं टोपणसुद्धा काढायची वेळ आली नाही हो अजून.