क्रोएशियाहून आलेला नातू

दोन हजार चोवीसचा आषाढ होता. शेजारच्या बापूरावानं दोन दिवस आमच्या सोयाबीनमध्ये कोळपं ओढून तण काढलं. सावडीचा रिवाज असा, की बदल्यात आमच्या माणसानं त्याच्याकडं दोन दिवस ओढायचं. माझे गुडघे गेलेले. पुण्याचा नातू रोहित फोनवर म्हणाला, "मी येतो, आजोबा." मी बापूरावाला तसा शब्द दिला, आणि हे साहेब मित्रांबरोबर क्रोएशियाला गेले. बापूरावाचं रान तणानं भरलं. मला पारावर बसायची लाज वाटू लागली.

आठ दिवसांनी रोहित गावी आला आणि ओसरीवर मला मोबाइल दाखवू लागला. समुद्रात बोट, तिच्यावर उघडी पोरं नाचतायत, प्रत्येकाच्या हातात ग्लास.

"नुसती मजा नसते, आजोबा. शिडाचे दोर आम्हीच ओढायचो."

"मजुरी किती मिळाली?"

"मजुरी कसली? उलट आम्हीच पैसे भरले."

"पैसे भरून दोर ओढला?"

बापूराव तिथंच बसला होता. म्हणाला, "तात्या, आपल्याकडं फुकट ओढू देऊ की त्याला."

मी रोहितला म्हणालो, "ऊठ."

दोन दिवस त्यानं बापूरावाचं कोळपं ओढलं. सावड फिटली.