आगाथाबाई आणि न उघडलेलं दार

जय ख्रिस्त, मंडळी! मागं उभे आहेत त्यांनी पुढं या. सतरंजी मोकळी आहे आणि मी काही चावत नाही.

प्रभूचं नाव घेऊन आज एक प्रश्न तुमच्यासमोर ठेवतो. एखादा माणूस सेवा करायला निघाला. शिकला, तयार झाला, महागुरुस्वामींनी, आपल्या बिशपांनी, डोक्यावर हात ठेवला. आणि घरी येऊन बघतो तर त्याची सेवा कुणालाच नको! तर मंडळी, त्यानं काय करावं? देवावर रुसावं? लोकांवर रुसावं? की गप घरी बसावं?

उत्तर मी देणार नाही. आगाथाबाई देतील. ऐका.

नगर जिल्ह्यात हिवरवाडी म्हणून गाव. उसाचं, कांद्याचं रान. गावाच्या कडेला आपल्या लोकांची वस्ती, वस्तीच्या टोकाला छोटं चर्च, चर्चच्या बाजूला पत्र्याचा हॉल. तिथं आगाथाबाई त्रिभुवन राहायची. नवरा पायस, तापानं गेला. पोटी मूल नाही. घरात एक ताट, एक तांब्या, एक अंथरूण. संध्याकाळी भाकरी थापायची ती एकीपुरती. एकीपुरती भाकरी थापायला लई जीव लागतो, मंडळी! पिठाला हातच लागत नाही.

तिला एकच जिवाभावाची मैत्रीण होती, मोनिका साळवे. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वस्तीत आल्या. कांदे काढायला एका वाफ्यात, रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला एका सतरंजीवर. मिस्सा संपली की बाहेर लिंबाखाली बायकांचा घोळका, आणि त्यात ह्या दोघींचं हसणं सगळ्यात मोठं. मोनिकाचा नवरा लूकस ट्रॅक्टर चालवायचा आणि चर्चमध्ये ढोलकी वाजवायचा. असा माणूस, की नाताळात त्याची ढोलकी सुरू झाली की म्हातारेसुद्धा मान डोलवायचे.

एका रविवारी फादर इग्नेशियस मिस्सेनंतर म्हणाले, वाड्या-वस्त्या पुष्कळ आणि धर्मगुरू मी एकटा. आजाऱ्यांपर्यंत मी पोचत नाही. आता प्रापंचिकांनी पुढं यायला हवं. बायबल अभ्यास घ्यायला, आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर न्यायला माणसं तयार करायची आहेत. नगरच्या केंद्रात प्रशिक्षण आहे. कोण नाव देतं?

झालं! सगळ्यांना आपापल्या पायाची बोटं दिसायला लागली. आता तुम्ही हसताय, पण मागच्या महिन्यात तुमच्या फादरांनी विचारलं तेव्हा तुमच्यातल्या किती जणांनी वर बघितलं, ते मला कळलंय बरं का.

तेवढ्यात मोनिकानं आगाथाला कोपरानं ढोसलं. म्हणाली, तू जा की. तुला काय, मागं ना पोर ना ढोर.

चेष्टाच होती. पण ती बरोबर जिथं लागायची तिथं लागली. आगाथाबाई उठून उभी राहिली.

केंद्रात तिला काय मिळालं म्हणता? शुभवर्तमानं कुणी लिहिली, दाखले कसे समजावायचे, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना कशी करायची, हे सगळं सिस्टरांनी शिकवलं. पण तिला खरं सुख लागलं ते जेवणाच्या टेबलावर. आजूबाजूला माणसं! कुणी म्हणतंय वरण वाढा, कुणी म्हणतंय मीठ इकडं द्या. पायस गेल्यापासून असं जेवण झालं नव्हतं. परत येताना एसटीत तिच्या मनात एकच होतं. आपल्या वस्तीतही असं करायचं. सगळ्यांना एका जागी बसवायचं.

महागुरुस्वामींनी गळ्यात क्रूस घातला. वस्तीनं टाळ्या वाजवल्या. पहिल्या बुधवारी हॉल गच्च भरला.

आणि आगाथाबाईनं काय केलं? जे जे शिकली होती ते सगळं एका दमात सांगितलं! परुशी कोण, सदुकी कोण, यरुशलेमचं देऊळ केवढं, त्याला दारं किती. मोनिका पहिल्या ओळीत होती. तिनं मध्येच काहीतरी विचारलं, तर आगाथाबाई म्हणाली, थांब, ते पुढं येणार आहे. पुढं काही आलं नाही. मोनिकानं पदर सारखा केला आणि गप बसली. दुसऱ्या बुधवारी माणसं निम्मी झाली. मग आणखी कमी. मग कुणीच येईना. आगाथाबाई सतरंज्या घालायची, दिवा लावायची, एकटीच उतारा वाचायची आणि सतरंज्या गुंडाळून घरी यायची.

त्यात आणखी एक झालं. डबीत ख्रिस्तप्रसाद घेऊन चाललं की वाटेत गप्पा मारायच्या नाहीत, सरळ आजाऱ्याच्या घरी जायचं, असं केंद्रात शिकवलं होतं. आगाथाबाई ते काटेकोर पाळायची. बायका हाक मारायच्या, ही नुसती मान हलवायची आणि पुढं. बायकांना डबीचं काय ठाऊक? त्या म्हणाल्या, बघा, क्रूस गळ्यात पडला आणि मान ताठ झाली! कुणीतरी नाव ठेवलं, फादरीणबाई. लिंबाखालचा घोळका ती आली की गप व्हायला लागला. आधी घर एकटं होतं. आता वस्तीही एकटी झाली.

आणि त्याच पावसाळ्यात लूकसला अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. ढोलकी खुंटीला लागली. आजाऱ्यांच्या भेटीचं काम आगाथाकडं, तेव्हा रविवारी मिस्सा झाल्यावर ती डबी घेऊन मोनिकाच्या दाराशी गेली. म्हणाली, लूकसभाऊंसाठी प्रभूला घेऊन आलेय.

मोनिका दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "फादर येतील तेव्हा बघू, बाई. तुम्ही जा."

मंडळी, शब्द ऐकलेत? बाई! तुम्ही! जिनं एका वाफ्यात कांदे काढले, जिनं हिच्या नवऱ्याच्या मयतीत हिला धरून ठेवलं, ती म्हणतेय तुम्ही! शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आगाथाबाई मागं फिरली. डबी तशीच घरी न्यायची नसते. परत चर्चमध्ये जायचं, वेदीजवळच्या मंजूषेत ठेवायची. उन्हाची वाट, दोन्हीकडं ऊस, छातीशी प्रभू, आणि बोलायला माणूस नाही. पुढच्या रविवारी पुन्हा गेली. पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. रिकाम्या चर्चमध्ये गुडघे टेकून ती म्हणायची, देवा, तुला पण परत यावं लागलं आणि मला पण.

दारी उभा देव । कोण त्याला पुसे ।
आत कोणी नसे । ऐकणारा ॥

शेवटी तिनं गळ्यातला क्रूस काढला आणि फादरांसमोर टेबलावर ठेवला. म्हणाली, मला हे झेपत नाही. लोकांना मी नको आहे. दुसऱ्या कुणाला तरी द्या.

फादर इग्नेशियस काही समजूत घालत बसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "लूकस कसा आहे?"

आगाथाबाईला माहीतच नव्हतं!

लूकस उठून बसतो का, जेवतो का, बोलतो का, रात्री झोपतो का, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. इतके रविवार त्या दाराशी गेली. घेणार का, एवढंच विचारलं. कसे आहेत, हे एकदाही विचारलं नाही.

ती तशीच घरी आली. चूल पेटवली नाही. पायसच्या फोटोसमोर बसून राहिली. तो आजारी होता तेव्हा मोनिका रोज यायची. हातात कधी काही नसायचं. नुसती यायची, बसायची, पायसच्या कपाळावरची पट्टी बदलायची. हे सगळं आगाथाला आता आठवलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. डबी नाही, क्रूस नाही, प्रार्थनेचं पुस्तक नाही. नुसती गेली. मोनिका अंगणात गोधडी धूत होती. मान वर न करताच म्हणाली, आज कशाला? रविवार थोडाच आहे.

आगाथाबाई म्हणाली, "आज मी काही आणलं नाही. लूकसभाऊ कसे आहेत ते मला माहीत नाही. म्हणून आले."

मोनिकानं गोधडी पिळली. दोरीवर टाकली. पुन्हा काढली, पुन्हा पिळली. मग भिंतीकडं बघत म्हणाली, "त्याची कड बदलायचीय. मला एकटीला होत नाही."

आगाथाबाई चपला काढून आत गेली.

आत काय होतं म्हणता? आत लूकस होता, वाळून लाकूड झालेला. पाठीला जखम झाली होती. मोनिका रोज एकटी त्याला ओढायची, अर्धा वळायचा, पुन्हा पडायचा. दोघींनी चादर दोन्ही टोकांनी धरली आणि त्याला अलगद कुशीवर घेतलं. जखम पुसली, औषध लावलं. निघताना आगाथाबाई म्हणाली, उद्या येते.

ती रोज यायला लागली. दुपार टळली की यायची, कड बदलून जायची. आणि मंडळी, गोड शेवट झाला असं समजू नका. मोनिका अजून तुम्हीच म्हणत होती. चहा द्यायची, पण समोर बसायची नाही.

मग एके दिवशी लूकसनं वाकड्या तोंडानं एक शब्द काढला. दोनदा म्हणाला तेव्हा कळला. वाच.

कोनाड्यात पवित्र शास्त्र होतं, त्यावर धूळ होती. आगाथाबाईनं मार्कचं शुभवर्तमान काढलं. तो पक्षाघाती माणूस नाही का, ज्याला चौघांनी बाजेवर घालून आणलं, आणि गर्दीमुळं आत जाता येईना म्हणून छप्पर उकललं आणि प्रभूसमोर खाली सोडलं! ती सावकाश वाचत होती. लूकस ऐकत होता.

आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून मोनिकाचा आवाज आला. "चौघं होते त्याला."

आगाथाबाई थांबली.

"त्याला चौघं होते," मोनिका म्हणाली. "आमच्याकडं एक पण आलं नाही. मिस्सा सुटली की सगळी वस्ती ह्या दारावरून जाते. मी आत बसून पावलं मोजते."

ह्या उताऱ्यावर केंद्रात अख्खी दुपार शिकवणी झाली होती. आगाथाबाईला सगळं पाठ होतं. छप्पर कसं असतं, शास्त्री कुठं बसले होते, क्षमा म्हणजे काय. तिनं त्यातलं काही सांगितलं नाही. पुस्तक मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "मी दाराशी येऊन उभी राहायचे, मोनिका. पण तुला विचारलं नाही."

मोनिका म्हणाली, "नाही विचारलंस."

ऐकलंत? विचारलंस! मग मोनिका आत आली, खाटेच्या पायाशी बसली आणि रडली. आगाथाबाईनं तिला रडू दिलं. लूकसचा चांगला हात हळूहळू सरकत मोनिकाच्या पाठीवर आला.

त्या रविवारी मोनिकानं स्वतः बोलावलं. फादरांनी टेबलावरचा क्रूस पुन्हा आगाथाबाईच्या हाती दिला. लूकसनं आगाथाबाईच्या हातून ख्रिस्तप्रसाद घेतला. पुढंही घेत राहिला. फादर येऊन त्याला आजाऱ्यांचं पवित्र तेल लावून, तैलाभ्यंग देऊन गेले. थंडीत लूकस गेला. बरा झाला नाही, मंडळी. शास्त्रातल्या त्या माणसासारखा बाज उचलून घरी चालत गेला नाही. पण गेला तेव्हा त्याच्या एका बाजूला मोनिका होती, एका बाजूला आगाथाबाई.

दुःखाचे दिवस सरल्यावर मोनिका म्हणाली, तुझा तो बुधवार माझ्या ओट्यावर घे. हॉलात गेलं की लोकांना शाळा आठवते. तेव्हापासून बुधवार तिथं होतो. कधी लिंबाखालच्या चारसहा जणी येतात. पुष्कळदा कुणीच येत नाही. मग त्या दोघी असतात. एक वाचते, दुसरी ऐकते, आणि मग बोलतात, कधी शास्त्राबद्दल, कधी पायसबद्दल, कधी लूकसबद्दल. अंधार पडला की आगाथाबाई आपल्या घरी जाते. तिथं अजूनही एकच ताट आहे. एकटेपण गेलं असं मी तुम्हाला खोटं कशाला सांगू? पण आता तिला ठाऊक आहे, की ते तिच्या एकटीच्या मालकीचं नाही. दोन घरं सोडून ते दुसऱ्या कुणाकडंही आहे. आणि तिथं जाता येतं.

उद्यापासून तुमच्या धर्मग्रामात प्रशिक्षण सुरू होतंय. नावं आली आहेत, आनंद आहे. शिका, मन लावून शिका! शास्त्र शिकल्याशिवाय सांगायचं काय? पण तुमच्या गळ्यात क्रूस पडायच्या आधी मी एक विचारतो. तुमच्या वस्तीत असं कोणतं घर आहे, जिथलं माणूस कसं आहे हे तुम्हाला माहीत नाही? डोळे मिटा. एक नाव आठवा.

तुम्ही, पांढरं उपरणंवाले, तुम्हाला आठवलंय. चेहऱ्यावर दिसतंय. ताई, तुम्हालाही.

आता शेवटचं भजन घ्यायचंय. पेटीवाले, सूर धरा. ज्यांना अजून नाव आठवलं नसेल, त्यांनी माझ्याबरोबर म्हणा. आणि ज्यांना आठवलं असेल, त्यांनी भजनाला थांबू नका. चपला घाला आणि निघा. अजून उजेड आहे.