मुहूर्त बारा दहाचा

भिया, लग्न वेळेवर लागलं म्हणून कोणी कौतुक केलं की माझं डोकं का फिरतं, ते ऐक. ताईच्या लग्नाचं टाइमटेबल काकांनी छापून वाटलं होतं. मुहूर्त बारा दहा, विदाई चार. इकडे आजोबा हॉस्पिटलमध्ये शेवटचे श्वास मोजत होते. कॉलेज सोडून घरात रिकामा मीच, म्हणून त्यांच्यापाशी ड्यूटी माझी. ताई सकाळी म्हणाली, "दहा मिनिटं भेटून येते." काका म्हणाले, "विदाईनंतर जा. मेकअपवाली येऊन बसली आहे."

साडेदहाला आजोबा गेले. मी काकांना फोन लावला.

"काका, आजोबा..."

"थांब! पुढे बोलू नको. ऐकलं की सुतक लागतं, मग लग्न थांबवावं लागेल."

"ताईला तरी सांगू द्या."

"तिला तर अजिबात नाही! कॉलेज पूर्ण केलं नाहीस, निदान गप्प बसणं तरी जमव. साडेचारला फोन कर."

साडेचारला केला. काका सगळ्यांसमोर असे हंबरडा फोडून रडले, जसं काही आत्ताच कळलं.

आता ते पाहुण्यांना सांगत फिरतात, "नातीची विदाई होईपर्यंत बाबांनी जीव धरून ठेवला हो!"

परवा ताई माहेरी आली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "शेवटी तूच होतास ना जवळ? माझं लग्न लागलं, हे त्यांना कळलं होतं का रे?"

मी म्हटलं, "हो."