वाका, दार बुटकं हाय!

...आन म्हणं दवंडी दिलती! अवो, कुठं दिलती? तुमाला सांगतो, दवंडी कशी पायजे, डफडं वाजलं की म्हशीनं कान टवकारले पायजेत, तान्हं पोर दचकून उठलं पायजे, म्हातारी "काय रं, कोण गेलं?" म्हणत दारात आली पायजे! आन ही दवंडी? भर दुपारी, समदं गाव रानात असताना, सरपंचाच्या गोठ्यामागं! वरून धुळाजी डफडेवाल्याला तंबी, "हळू वाजव बे, मालकीणबाईचं डोकं दुखतंय." धुळाजी बिचारा हुकमाचा ताबेदार, बोटाच्या टोकानं टिक्... टिक्... वाजवलं आन पुटपुटला, "सरकारचं घरकुल आलंय, ज्याला पक्कं घर न्हाई त्यानं नाव द्यावं..." ऐकलं कुणी? गोठ्यातल्या दोन बैलांनी. त्यातला एक बहिरा! आन नोटीस म्हणाल तर लावली की, चावडीच्या आतल्या भिंतीला. चावडीला कुलूप, किल्ली सरपंचाच्या करगोट्याला. झाली सरकारची जाहिरात!

आता ज्याला खरंच घर न्हाई त्याला हे कळावं कसं? आमच्या गावात तवा तसं एकच माणूस उरलेलं, अंजना. बंकट धनगराची बायको. बंकट मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलता, बाकीच्या धनगरांनीबी खोपटं मोडून पाठीवर टाकली आन वाट धरली. अंजना तेवढी मागं राहिली, कारण लेक लग्नाची. बबिता. पोरगी लई गुणाची, पर सोयरीक जमंना. कावून? तर दारापायी!

हसू नका. वढ्याकाठी ह्यांचं खोपट, आन बंकटनं त्याचं दार केलेलं हे एवढं, माणसाच्या कपाळाला लागंल इतकं. का रं एवढं बुटकं? तर म्हणतो, लांडगा उभा येत न्हाई. अरे लांडगा आडवाबी येत न्हाई बाबा, पर जावईबी येत न्हाई त्याचं काय? मांजरसुंब्याहून पाव्हणे आलते पोरगी बघाया. अंजना म्हणली, "वाका, दार बुटकं हाय." नवरदेवाचा मामा कुठला वाकतोय, मिशीला पीळ देत घुसला... ठण्ण! तिथंच बसला खाली. नवरदेवाची आय म्हणली, "ज्या घरात माणसाला नीट उभं राहाया जागा न्हाई, तिथं सोयरीक कशी उभी राहावी?" आन च्या न पिता गेली. त्या दिवसापासून अंजनानं एकच धोसरा घेतला, देवा, आयुष्यात काय बी दिऊ नको, पाव्हणा ताठ मानंनं आत येईल एवढं एक दार दे!

तर अशात एक दिवस तिच्या खोपटापुढं कोण उभं? सरपंचाचा धाकटा भाऊ, बबनराव! गावात पयली माडी त्याची, आन माडीवर बैलगाडीच्या चाकाएवढी टीव्हीची छत्री. केजला एसटीडीचा पिवळा डबा नवा नवा लागलेला, तर ह्यो निस्ता घरी फोन लावाया केजला जायचा... घरी फोन न्हाई, तरी! त्यो बबनराव म्हणतो, "वैनी, बुधवारच्याला तुमचं खोपट जरा लागत होतं."

"काय करता मालक खोपटाचं?"

"शहरातला पाव्हणा यायचाय. त्याला फोटू काढायचाय."

बरं म्हणली. सांजच्याला वैजिनाथअप्पा, किराणावाले. "अंजनाबाई, माझं एक व्रत हाय. बुधवारी गरिबाच्या खोपटात बसायचं. महादेवाची आज्ञा हाय." आता महादेव बी वार बघून आज्ञा द्यायला लागला का? अंजना त्यालाबी बरं म्हणली. आन दुसऱ्या दिवशी तिसरा, शहादेव, ट्रॅक्टरवाला. ह्याच्या तोंडात तर तीळ भिजत न्हाई. "बुधवारी घरकुलाची पाहणी हाय, खोपट दावावं लागतंय, तेवढं द्या!"

"कसलं घरकुल?"

"आता गं बया! दवंडी ऐकली न्हाई व्हय?"

तुमाला सांगतो, अंजना तशीच उठली, शेणाचे हात न धुता ग्रामसेवकाकडं. "भाऊसाहेब, माझं नाव लिवा." ग्रामसेवक म्हणतो, "बाई, नावं झाली. आन तुला द्यायचं तर खोपट दावावं लागतंय. हाय का तुझं खोपट?" "हाय की, वढ्याकाठी." "त्ये? त्ये तर बबनरावांचं लिवलंय. न्हाई... थांब... वैजिनाथअप्पांचंबी त्येच हाय." बघा आता! गावात खोपट एक, मालक तीन, आन त्यात जी राहती ती न्हाईच!

घरी आली. बबिता रडाया लागली, "आये, त्यांना खोपट दिऊ नको. काटे लाव दाराला." अंजनानं दारावरच्या बाभळीच्या आडव्या लाकडाकडं बघितलं, आन म्हणली, "दिऊ की. दारात आल्याला न्हाई म्हणू ने. आपण आपलं सांगावं, वाका म्हणून. वाकायचं का न्हाई त्ये ज्याचं त्यानं बघावं."

बुधवार उजाडला. जीप आली धुरळा उडवीत. साहेब नवा, तरणा, चष्मेवाला. खोपटापुढं बबनराव, गड्याची फाटकी बंडी घालून! पर बोटातल्या अंगठ्या काय निघाल्या न्हाईत, साबण लावून बघितला, तेल लावून बघितलं, मग हात पाठीमागं बांधून उभा. "या साहेब, गरिबाची झोपडी." साहेबानं अंजनाकडं बघितलं, "या कोण?" "ही व्हय? ही आमच्याकडं पाणी भरती." अरे, गरिबाच्या झोपडीत पाणी भरायला बाई? अंजना हळूच म्हणली, "मालक, वाका, दार बुटकं हाय." आता तुमीच सांगा, बबनराव वाकंल? गावात कुणापुढं न वाकलेला माणूस, पाणी भरणारीचं ऐकून वाकंल? छाती काढून घुसला... ठण्ण! लाकडाला काय माहीत, ह्यो सरपंचाचा भाऊ हाय! साहेब म्हणला, "अहो, स्वतःच्याच दारात?" तर हे कपाळ चोळत म्हणतंय, "गरिबी साहेब! डोळ्यापुढं अंधारी येती!" आन साहेब? साहेबानं अंजनाचं ऐकलं, गुडघ्यात वाकला आन अल्लाद आत जाऊन आला. शिकलेला माणूस, पर ऐकणारा निघाला बघा.

मग ग्रामसेवकानं जीप काढली, गावाला वळसा, म्हसोबाच्या माळावरनं, गिरणीमागनं, दोनदा वढा ओलांडून... आन परत त्याच खोपटापुढं! फकस्त आता दाराला गोणपाट टांगलेलं आन पुढं वैजिनाथअप्पा, कपाळभर भस्माचे पट्टे, पोटावर धोतर मावंना. "आणि या बाई?" "ह्या व्हय, शेजारीण." शेजारीण! हाकंच्या अंतरावर दुसरं घर न्हाई, तर शेजारीण कुठून उगवली? "अप्पा, वाका, दार बुटकं हाय." "मला शिकीवती व्हय गं?" ठण्ण! "शिवा शिवा शिवा!" कपाळाचं भस्म गेलं लाकडाला आन लाकडाचा भुगा आला कपाळाला. साहेबानं निस्ता चष्मा पुसला.

तिसऱ्या खेपेला शहादेव, भगवा फेटा बांधून. गरिबी दावायला फेटा कावून बांधला? तर म्हणं, साहेबापुढं बोडकं कसं जावं! ह्यावेळी दारात म्हस बांधलेली, म्हणजे वळखू येऊ नये. साहेबानं वर बोट केलं, "या लाकडाला भस्म कुणी लावलं?" शहादेवाची जीभ एकदम तयार, "आमी रोज दाराची पूजा करतो साहेब!" "आणि या?" "माझी मावशी." साहेब म्हणला, "बाई, सकाळपासून तुम्ही पाणी भरलंत, शेजार केलात, आता मावशी झालात. दमला नाहीत?" अंजना म्हणली, "दमून कसं चालंल? वाका शहादेव भाऊ, दार..." ठण्ण! टेंगूळ कपाळाला, फेटा लाकडाला, शहादेव आत! तिनं सांगितलं होतं का न्हाई? तिघांनाबी सांगितलं होतं! पर वाका म्हणलं की माणसाची मान आणखीच ताठ हुती, त्याला काय करावं?

"साहेबाला च्या ठिवते," म्हणून अंजना वढ्याला गेली आन डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी घिऊन आली. आन तुमाला सांगतो, त्या दारापाशी ना थांबली, ना वर बघितलं, बोलता बोलता गुडघे मुडपले, कंबर खाली गेली, मान जिथल्या तिथं, आन हंडा-कळशी घिऊन बाई आत! पाण्याचा थेंब सांडला न्हाई! साहेब बघतच राहिला. मग म्हणला, "बाई, खरं सांगा. हे घर कुणाचं?"

ग्रामसेवक खोकला. म्हस रवंथ करायची थांबली. अंजनाला तर गावातच राहायचं, सरपंचाशी वाकडं कसं घ्यावं? मागं बबिता उभी. अंजनानं लेकीकडं बघितलं, आन म्हणली, "साहेब, सकाळपासून तिघांचं झालं. रातच्याला निजते मी."

साहेबानं धुळाजीला बोलावलं. म्हणला, "वाजव. मोठ्यानं." अवो, धुळाजीच्या हातात इतके दिवस दबून राहिलेलं डफडं ते! असं बडवलं, असं बडवलं, की सरपंचाच्या गोठ्यातल्या बहिऱ्या बैलानं बी मान वर केली! गाव लोटलं चावडीवर. साहेबानं तिघांना पुढं घेतलं. बबनरावानं तवर टोपी चढवलेली, अप्पानं रुमाल गुंडाळलेला, शहादेवानं फेटा सावरलेला. साहेब म्हणला, "काढा." काढलं... आन काय सांगू! तीन कपाळं, तीन टेंगळं, एकाच रेघंत, एकाच साच्यातनं काढल्यागत! पोरं हसली, बाया हसल्या, धुळाजीचं हसू तर थांबंना. साहेब म्हणला, "ज्याला स्वतःच्या दाराची उंची माहीत नाही, त्याला सरकारनं कुठलं दार द्यावं?" मग अंजनाला पुढं बोलावलं. तिच्या कपाळावर काय? निस्तं कुंकू. "घरकुल बाईच्याच नावावर करायचं असतं. बाई, नाव सांगा." आन आमची अंजना, जी सरपंचापुढं कधी तोंडावरचा पदर सोडून बोलली न्हाई, ती अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी बोलली, "अंजना बंकट!" सरपंचाला हात वर करून ठराव मंजूर करावा लागला, समद्यांच्या आधी!

घर झालं. विटांचं, पत्र्याचं, आन दार? उंट जाईल असं! मांजरसुंब्याचे त्येच पाव्हणे परत आले, मामासकट. मामा दारात थांबला, कपाळाला हात लावून वर बघितलं, मग ताठ मानंनं आत गेला, सोयरीक जमली. बंकट मेंढरं घिऊन आला, तर ह्यो बाबा एवढ्या उंच दारातनं बी कमरंत वाकून आत! अंजना म्हणली, "अवो, सरळ या की." म्हणतो, "तुझ्या नावाचं घर हाय, वाकलेलं बरं!"

आता एवढं झाल्यावर माणसानं शाणं व्हावं का न्हाई? तुमीच सांगा! पर न्हाई. वरसाभरानं परत घरकुलं आली, त्या साहेबाची बदली झाली, आन अंजनाच्या नव्या दारात कोण उभं? बबनराव! "वैनी, त्ये जुनं खोपट मोडलं तर न्हाई ना? बुधवारच्याला जरा लागत होतं." अंजना हसली, म्हणली, "हाय की. शेरडं बांधते त्यात. बघून घ्या मालक, पर वाका, दार..."

काय सांगावं आता तुमाला... ठण्ण!